रंगोजीअण्णांची नापास तपकीर

जरा पुढे सरका बघू, पोरांनो. तिथे दाराशी एका पायात बूट घालून उभं राहिलं तर काय ऐकू येणार आहे तुम्हाला? तो फोन पालथा ठेवा आधी. मारतहळ्ळीहून व्हाइटफील्डला यायला पाच महिने लावलेत, आता निघायची एवढी घाई कसली? मावशीकडे यायचं म्हटलं की ट्रॅफिक असतो आणि नव्या हॉटेलात जेवायला जायचं म्हटलं की रस्ते मोकळे होतात, हे मला कळत नाही असं वाटतं काय? कळतं. बोलत नाही, एवढंच. आज बोलणार आहे. बसा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक गृहस्थ आहेत. ते लोकांकडे नाक मागतात.

हसू नका. साखर मागणारे शेजारी तुम्ही पाहिले असतील, शिडी मागणारे पाहिले असतील, वायफायचा पासवर्ड मागणारे तर तुम्हीच आहात. रंगोजीअण्णा नाक मागतात. माझी त्यांची पहिली गाठ लिफ्टमध्ये पडली. मी पाचव्या मजल्यावर आत शिरले, ते नवव्यावरून खाली येत होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा, ऐन एप्रिलात डोक्याला माकडटोपी. पण ती माकडटोपी अशी वर दुमडलेली की दोन्ही कान उघडे. मग ती घालायची कशाला, हे मी अजून विचारलेलं नाही. मी आपली मनाशीच पुटपुटले, "अगं बाई, दुधाची पिशवी राहिली." त्यांनी मान वळवली.

"मराठी काय?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं. अक्का, स्वल्प नाक द्याल काय?"

स्वल्प म्हणजे इथल्या भाषेत थोडंसं. थोडंसं नाक. मी पदर सावरला आणि दाराकडे बघायला लागले, आता पुढचा मजला कुठला येतोय. तेवढ्यात त्यांनी खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढीशी बाटली काढली, बूच उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरली. "ओढू नका. नुसता वास घ्या. काय काय येतंय तेवढं सांगा."

तुळस होती. ओव्याचं पान होतं. त्यांच्या मागून हळूच मरवा येत होता. मी तिन्ही नावं सांगितली.

"चौथं?"

लिफ्ट खाली पोचली होती. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाहेर डिलिव्हरीवाला पोरगा डबा घेऊन ताटकळत उभा. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "गवती चहा."

अण्णांनी माकडटोपी काढली. "नाक आहे हो तुमच्याकडे," म्हणाले. अडुसष्ट वर्षं मी हे नाक तोंडावर वागवत होते, कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांचं ठरलेलं नाक झाले. दर दोन-तीन दिवसांनी बेल वाजायची. सून दार उघडून आत बघायची आणि म्हणायची, "आई, तुमचं नाक न्यायला आलेत."

हे रंगोजीअण्णा म्हणजे इथले जुने मराठे. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज कुणा सरदाराबरोबर घोड्यांवरून बेंगळुरात आले आणि राहिले. मी सात वर्षांपूर्वी कराडहून स्लीपर बसने आले, नातवाला सांभाळायला. मराठी त्यांची जुनी की माझी चांगली, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. ते मला कराडअक्का म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक नसावं, आणि मीही सांगितलं नाही. कराडअक्का ऐकलं की मला माहेरी हाक आल्यासारखं वाटतं.

त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मग मुलाने त्यांना जुन्या गावातून उचलून इथे नवव्या मजल्यावर आणून ठेवलं. मुलगा भला आहे, सून भली आहे, दोघं सकाळी आठला ऑफिसच्या कॅबमध्ये बसतात ते दिवे लागल्यावर परत. अण्णांना बिल्डिंगची बाग दिसली नसती तर माणूस खुर्चीतच वाळला असता.

बागेत लोक चालायला जातात, अण्णा वेचायला जातात. बिल्डरने शोभेला म्हणून जे जे लावलंय ते अण्णांना दुकानातल्या फळीसारखं दिसतं. कुंपणाला रोझमेरी आहे, क्लबहाउसच्या मागे नीलगिरी आहे, पोहण्याच्या तलावाशेजारी कुणीतरी कुंडीत लावलेला पुदिना आहे. पंपहाउसच्या ओलीवर जमिनीलगत एक बारीक पानांचं तण येतं, नाकशिंकणी. माळी ते उपटून टाकायचा. अण्णा त्याच्या मागोमाग जाऊन ते गोळा करायचे, जसं काही कुणी मोती सांडलेत. त्या नाकशिंकणीच्या वाटेला तुम्ही जाऊ नका हं. चिमटीभर नाकात गेलं तर घरदार विसराल.

तर ही सगळी पानं अण्णा दव वाळल्यावर खुडणार, गच्चीवर सोलरच्या पत्र्यांखाली सावलीत पसरणार, चार दिवस राखण करणार. कबुतर आलं की टाळी. मग खलबत्त्यात कुटणार. मिक्सर चालत नाही. "मिक्सर पानाला घाबरवतो, अक्का. घाबरलेलं पान वास सोडत नाही." कुटून झालं की बायकोच्या जुन्या मलमलच्या ओढणीतून वस्त्रगाळ. जी पूड पडते ती नस्य. तपकिरीला ते नस्य म्हणतात. तंबाखूचा कणही नाही त्यात, नुसती बागेतली पानं.

मध्ये एकदा बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आला. कुंपणाची रोझमेरी एका बाजूने न्हाव्याने भादरावी तशी झालेली. खाली सेक्रेटरींचा मेसेज, हे कोण करतं ते कॅमेऱ्यात बघितलं जाईल. कॅमेऱ्यात माकडटोपी दिसली. झालं. सेक्रेटरी पंपहाउसच्या मागे जाऊन उभे राहिले. मी त्या दिवशी तिथेच होते, नाक द्यायला गेले होते. सेक्रेटरींना तीन आठवड्यांची सर्दी, नाक चोंदून डोळे लाल झालेले, तोंडाने श्वास चाललेला.

"अंकल, यह कॉमन एरिया है," ते म्हणाले. "यहाँ से पत्ता तोड़ना अलाउड नहीं है."

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खिशातून एक बाटली काढली, नखाएवढी चिमूट त्यांच्यापुढे धरली. "सर, स्वल्प."

आता त्या माणसाने ती का घेतली, देव जाणे. सर्दीने माणूस वाकलेला असतो. घेतली, आणि पहिली शिंक आली. मग दुसरी. मग मी मोजायचं सोडलं. पंपहाउसचं पत्र्याचं दार थरथरत होतं, गेटवरचा वॉचमन पळत आला, झाडावरचे पोपट उडाले. मधल्या एका शिंकेला त्यांचा चष्मा पुदिन्यात पडला. शेवटी सगळं थांबलं. सेक्रेटरी उभे राहिले, त्यांनी तोंड मिटलं आणि नाकाने एक लांब श्वास घेतला. पुन्हा एक घेतला. त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही हरवलेलं पोर परत आलंय.

"अंकल," ते हळू आवाजात म्हणाले, "इधर पीछे भी थोड़ी जगह खाली पड़ी है."

पंपहाउसमागच्या त्या तुकड्यात आज तुळशीचे तीन वाफे, ओव्याच्या पानांचं आळं आणि मरवा आहे, आणि पुढे पाटी आहे, मेडिसिनल गार्डन. पाटी सेक्रेटरींनी स्वतः लावली.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका चिमटीसाठी? मलाही तेच वाटायचं. कारण अण्णा स्वतः तपकीर ओढत नाहीत. कधीच नाही. मग कोणासाठी? एक दिवस विचारलं तेव्हा त्यांनी मांडीवरच्या पानांच्या काड्या निवडत सांगितलं, "अंबक्कासाठी."

अंबक्का ही त्यांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची. चिकपेटेत एका गल्लीत, कापडाच्या दुकानावर, एकटी राहते. मूलबाळ नाही. अण्णांची आई लवकर गेली, तेव्हा नऊ वर्षांच्या अंबक्काने एक वर्षाच्या रंग्याला काखेला मारलं ते पुढे शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. त्या अंबक्काला तंबाखूच्या तपकिरीचं व्यसन, पन्नास वर्षांचं. अलीकडे तिला असा खोकला लागला की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची. डॉक्टरांनी सांगितलं, छाती भरत चालली आहे, तंबाखू आजच्या आज बंद, नाहीतर पुढच्या वर्षी तपासायला मला कोणी सापडणार नाही. अंबक्काने डॉक्टरांसमोर मान हलवली आणि जिन्यात चिमूट घेतली.

अण्णा रडकुंडीला आले. तेव्हा ती म्हणाली, "सोडते रे. पण नाक मोकळं कसं ठेवू? तू दुसरं काही आणून दे. मला पसंत पडलं पाहिजे. ज्या दिवशी पसंत पडलं त्या दिवशी तंबाखूची डबी खिडकीतून टाकते."

अण्णांनी हे असं घेतलं, जसं कुणी त्यांना गडच सर करायला पाठवलंय. दर गुरुवारी नवी बाटली. दर गुरुवारी अंबक्का ओढून बघायची आणि निकाल द्यायची. अण्णांची एक वही आहे, तिच्यात ते निकाल शब्दन् शब्द लिहिलेले आहेत. तुळशीच्या नस्यावर, "मला वाटलं अंगारा आणलास." पुदिन्याच्या, "टूथपेस्ट नाकात घालायची असते काय रे, रंग्या?" नीलगिरीच्या, "सर्दीच्या मलमाची धाकटी बहीण." रोझमेरीच्या पुढे लिहिलंय, "हे साहेब लोकांच्या कोंबडीला लावतात." आणि प्रत्येकाखाली लाल पेनाने अण्णांच्या सुवाच्य अक्षरात एकच शब्द. नापास.

वही मिटून अण्णा म्हणायचे, "सरी," म्हणजे ठीक आहे, "पुढचा गुरुवार."

असे पंधरा-सोळा गुरुवार गेले. मग मी एका लग्नाला म्हणून पंधरा दिवस कराडला गेले. परत आले तर त्याच संध्याकाळी बेल. अण्णांच्या हातात या वेळी बाटली नव्हती, पिवळी प्लास्टिकची डबी होती.

"तुम्ही नव्हता, तसंच घेऊन गेलो," ते म्हणाले. "नापास केलंन. म्हणे, रसमची फोडणी आहे. अक्का, मला ती नुसती टाकून बोलतेय असं वाटतं. तुम्ही बघा. यात मरवा जास्त घातलाय."

मी झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे गेले. हिंग. मरवा कुठला नि तुळस कुठली, नुसता हिंग.

"अण्णा, ही डबी कसली?"

"सुनेने टाकून दिलेली. मी धुतली, तीन वेळा."

"हिंगाची आहे हो. प्लास्टिकला लागलेला हिंग जन्मात जात नाही."

"हिंग? कुठे?" म्हणत अण्णांनी ती डबी घेतली, नाक जवळजवळ आत घातलं आणि मोठा श्वास घेतला. मी बघत होते. भिंतीला वास दाखवावा तसा तो चेहरा. काही हललं नाही त्यावर. त्यांनी मान वर केली, माझं तोंड बघितलं, आणि झाकण लावलं.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. हा माणूस लोकांची नाकं का मागतो ते.

आम्ही बागेतल्या बाकावर जाऊन बसलो. अण्णांनी तीस वर्षं बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात काम केलं, पितळेच्या वस्तूंवर चकाकी चढवायचं. तिथे आम्लाच्या टाक्या. वास असा गुपचूप गेला की कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. एक दिवस बायको बाहेरून आली आणि म्हणाली, "अहो, दूध करपून भांडं काळं झालं, तुम्ही शेजारी बसून पेपर काय वाचताय?" तेव्हा दोघांना कळलं. पुढे तिनेच त्यांना भाजी शिळी आहे की ताजी ते सांगायचं. ती गेल्यापासून सांगणारं कोणी नाही.

"माझं नाक बोम्मसंद्र्यातच राहिलं, अक्का," ते म्हणाले. "पण अंबक्काला सांगू नका. लहानपणी ती मला खांद्यावर घेऊन गल्लीतून जायची आणि मी डोळे मिटून सांगायचो, या घरात वांगी, या घरात उपमा, इथे धूप. ती सगळ्यांना बोलवून दाखवायची. माझ्या रंग्याचं नाक बघा. आता काय सांगू तिला?"

"नाही सांगणार," मी म्हटलं. माझ्यासारख्या बाईने असा शब्द दिला म्हणजे तुम्ही समजा.

पुढच्या गुरुवारी मी म्हटलं, मी येते. बघते तरी ही अंबक्का कशी आहे, भाऊ रक्त आटवतोय आणि ही नापास करत बसलीय. मनातून मी तिच्याशी भांडायलाच निघाले होते. व्हाइटफील्डहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून चिकपेट. सगळा वेळ अण्णांनी बाटली मुठीत धरली होती, पोराचं बोट धरावं तशी. या वेळी आम्ही दोघांनी मिळून जमवलेलं होतं. तुळस, मरवा, ओव्याचं पान, नाकशिंकणी अगदी नावाला, आणि माझ्या सांगण्यावरून वाळलेल्या लिंबाच्या सालीची पूड.

अरुंद जिना, वर एक खोली, खिडकीत खुर्ची. खुर्चीत मुठीएवढी म्हातारी. दोन्ही नाकपुड्यांत खड्यांच्या चमक्या. आम्ही आत पाऊल टाकलं तशी ती खोकली.

"ही कोण?"

"कराडअक्का. आमच्या बिल्डिंगमधल्या. नाक चांगलं आहे त्यांचं."

"असं? आणि तुझं कुठे गेलं?"

अण्णा खिडकीबाहेर बघायला लागले. "माझंही आहेच की."

"हं," म्हातारी म्हणाली.

मग परीक्षा. चिमूट घेतली, डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी, डोळे मिटले. खाली दुकानात ठाण उलगडल्याचा आवाज येत होता. अण्णा हात जोडून उभे, शहात्तर वर्षांचा माणूस. एक शिंक आली. छोटीशी, मांजराला येते तशी.

"मागच्या वेळेपेक्षा स्वल्प बरं आहे," अंबक्का म्हणाली.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

"पण पास नाही. लिंबू कोणी घालायला सांगितलं? लोणचं आहे काय हे? जा, खालून कॉफी आण फ्लास्कमध्ये. साखर कमी सांग. आणि तिथे गप्पा मारत बसू नको."

अण्णा फ्लास्क घेऊन गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यातून खाली खाली गेला. तो थांबल्याबरोबर अंबक्काने कनवटीची डबी काढली, जुनी पितळेची, कडा झिजलेली. झाकण उघडलं आणि माझ्यादेखत मोठी चिमूट घेतली.

मला राग आवरला नाही. "अंबक्का, तो भाऊ तुमच्यासाठी उन्हातान्हात पानं वेचतो, आणि तुम्ही तो गेल्यावर तंबाखू ओढता? थोडी तरी..." आणि तिथेच माझं तोंड बंद झालं. कारण वास आला. तुळस. पुदिना. नीलगिरी. त्यांच्या मधून, चोर पावलांनी, हिंग.

मी पुढे वाकले. पुन्हा वास घेतला. "यात तंबाखू नाहीच."

अंबक्काने डबी मिटली. "रंग्याने चुकीचं माणूस आणलं," ती म्हणाली. "तुझं नाक फार तेज आहे गं."

"ही सगळी त्यांचीच नापास तपकीर आहे?"

"मग काय फेकू? माझ्या भावाने कुटून आणलेली."

"हिंगाची पण?"

"हिंगाची पण. त्याच दिवशी कळलं मला, पोराचं नाक गेलंय. माझा रंग्या हिंग ओळखणार नाही?" ती खिडकीकडे वळली, खाली गल्लीत बघत राहिली. "पहिल्याच गुरुवारी तंबाखू सोडली मी. डबी घासून उन्हात ठेवली, दुसऱ्या दिवशी त्यात त्याची तुळस भरली. मागच्या महिन्यात डॉक्टरने छातीला नळी लावली. म्हणाला, छाती साफ आहे, अक्का, काय केलंत?"

"मग त्यांना सांगत का नाही? बिचारे वहीत नापास नापास लिहितात."

"सांगते, आणि मग? पास झालं, संपलं. पुढच्या गुरुवारी तो कशाला येईल? बायको नाही, नोकरी नाही, नाक नाही. नवव्या मजल्यावर बसून खाली माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणे. त्याला काहीतरी जमायचं बाकी असलेलं बरं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि मलाही दुसरं कोण येतंय?"

जिन्यात चपला वाजल्या. अंबक्काने डबी कनवटीला लावली, ओठांवर बोट ठेवलं आणि खोकायला सुरुवात केली. मी जन्मात इतका वाईट खोकला ऐकला नाही. नाटकातला म्हातारासुद्धा बरा खोकतो.

परतीच्या मेट्रोत अण्णा राजासारखे बसले होते. वही मांडीवर. "स्वल्प बरं आहे, म्हणाली. ऐकलंत ना? एकोणीस गुरुवारांत पहिल्यांदा." शेजारी गळ्यात ऑफिसचं कार्ड घातलेली एक मुलगी बसली होती, तिलाही त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं. ती बिचारी कानातलं काढून अभिनंदन म्हणाली. काहीही न विचारता म्हणाली, मला फार आवडली ती मुलगी.

माझ्या पोटात मात्र ते गुपित उड्या मारत होतं. किती केलं तरी हा माणूस जिंकलाय आणि त्याला माहीत नाही, हे मला बघवेना. मी म्हटलं, "अण्णा, समजा, समजा हं, अंबक्काने तंबाखू सोडलीच असेल तर?"

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं.

"सोडलीय," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझं नाक गेलं, अक्का. कान नाही गेले. तिचा खरा खोकला मी वर्षानुवर्षं ऐकलाय, खाली दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं तरी ऐकू यायचा. आता दर गुरुवारी मी जिन्यात मधल्या पायरीवर थांबतो. दोन मिनिटं. वर सगळं गप्प असतं. मी दार ढकललं की ती खोकते." ते हसायला लागले, खांदे हलेपर्यंत हसले. "काय खोटं खोकते हो. लाज वाटते मला ऐकायला."

"मग नवीन नवीन कुटत कशाला बसता?"

अण्णांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर एकामागून एक काचेच्या इमारती मागे चालल्या होत्या.

"नुसता भेटायला गेलो तर ती विचारणार, का आलास, काय झालं, सुनेशी बिनसलं काय? मग मी काय सांगू? नस्य असलं की सरळ जाता येतं. नापास झालं की पुन्हा जाता येतं." वही पिशवीत ठेवून ते म्हणाले, "पास नको व्हायला, देवा. तुम्ही तिला काही बोलू नका हं. मला कळलंय हे कळलं तर ती पास करून टाकेल."

मी दोघांनाही शब्द दिलाय. मी दोघांचंही गुपित राखून आहे. सुनेला तेवढं सांगितलं, पण ती घरचीच. आणि आता तुम्हाला. तुम्ही कुठे बोलायचं नाही. आज सकाळीच अण्णा येऊन गेले, तेविसावं नस्य आहे, दवणा घातलाय. मी वास घेतला आणि सांगितलं, उत्तम झालंय. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "फार उत्तम नको," म्हणाले आणि जिरे टाकायला निघून गेले.

उठा आता, तुमची कॅब खाली आली म्हणते आहे ती बाई फोनमधून. तुम्ही आणलेला केक चांगला होता. मला अंबक्कासारखं काही नापास करता येत नाही, मनात येतं ते तोंडावर येतं, त्यामुळे तुम्हाला परत बोलवायला माझ्याकडे काही युक्ती नाही. म्हणून सरळच सांगते. पाच महिने लावू नका. गुरुवार सोडून कुठल्याही दिवशी या, गुरुवारी आम्ही चिकपेटेला असतो. केक नको, काही आणायला नको, कारणसुद्धा नको. नाक तेवढं घेऊन या, अण्णांना हल्ली माझं एकटीचं पुरत नाही.